साडेतीनशे वर्षांपूर्वी फुटलेल्या ताऱ्यातून आजही क्ष-किरण आणि गॅमा किरण कसे येतात?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सुपरनोव्हाचा स्फोट होऊन शेकडो वर्षं उलटली, तरी त्याच्या अवशेषातून क्ष-किरण आणि गॅमा किरण निघतच असतात. मग एवढी उष्णता टिकते तरी कशी? आणि विश्वकिरण (म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर येणारे प्रचंड वेगाचे कण) याच अवशेषांमध्ये तयार होतात असं पुस्तकांत असतं, ते सिद्ध झालंय का?

मी बरीच वर्षं क्ष-किरण दुर्बिणींच्या नोंदी घेऊन अशाच अवशेषांवर काम करतो आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. आधी छोटं उत्तर: उष्णता टिकते हे खरं, पण ती अर्धीच गोष्ट आहे. बाकीच्या किरणांचा तापमानाशी संबंधच नाही. ते चुंबकीय क्षेत्रात सापडलेल्या, प्रचंड ऊर्जेच्या मोजक्या कणांमधून निघतात, आणि त्या कणांना वेग देण्याचं काम अवशेषाच्या कडेवर आजही चालू आहे. स्फोटाच्या दिवशीची शिल्लक म्हणून त्यांच्याकडे पाहिलं की हिशेब चुकतो. विश्वकिरणांबद्दलचं उत्तर ‘बऱ्याच अंशी हो, पण सर्वांत मोठ्या ऊर्जांसाठी नाही’ असं आहे. त्याकडे शेवटी येतो.

सगळं हवेत बोलण्यापेक्षा एकच अवशेष धरू. शर्मिष्ठा तारकासमूहातला कॅसिओपिया ए, आमच्या बोलण्यातला ‘कॅस ए’. अंतर सुमारे ११,००० प्रकाशवर्षं. आज फैलावणाऱ्या तुकड्यांचा वेग मोजून मागे गेलं की स्फोटाचा उजेड पृथ्वीवर १६७० ते १६८० च्या सुमारास पोचला असणार असं निघतं. तेव्हा युरोपात दुर्बिणी होत्या, पण तारा पाहिल्याची निर्विवाद नोंद कुणाकडेही नाही. मधल्या धुळीने बराचसा उजेड गिळला असावा. अवशेष सापडला तो १९४८ मध्ये, रेडिओ लहरींमुळे. सूर्य सोडला तर मीटर तरंगलांबीच्या रेडिओ आकाशात तो सर्वांत तेजस्वी स्रोतांपैकी एक आहे. आकार साधारण ५ कलामिनिटं, म्हणजे चंद्रबिंबाच्या व्यासाच्या सहाव्या भागाएवढा.

आता जमाखर्च पाहू. जड ताऱ्याचा गाभा कोसळतो तेव्हा सुटणाऱ्या ऊर्जेतला सुमारे ९९ टक्के भाग न्यूट्रिनो नावाचे कण घेऊन जातात. उरलेल्या एका टक्क्यातला जवळपास सगळा हिस्सा बाहेर फेकल्या गेलेल्या वायूच्या गतीत जातो. तो आकडा १ वर ४४ शून्यं इतके ज्यूल असा येतो. आपला सूर्य त्याच्या सुमारे १० अब्ज वर्षांच्या आयुष्यात जेवढा उजेड देईल, जवळपास तेवढी ही ऊर्जा. काही आठवडे अख्ख्या दीर्घिकेशी स्पर्धा करणारा स्फोटाचा लखलखाट दिसतो, त्यात या गतिज ऊर्जेच्या एखाद्या टक्क्याइतकाच खर्च होतो. म्हणजे लोक ज्याला स्फोट म्हणतात तो उजेड मावळला, तेव्हा कोठार जवळजवळ भरलेलंच होतं. ते गतीच्या रूपात होतं, आणि गती अशी पटकन विझत नाही. वाटेत पुरेसा वायू आडवा येईपर्यंत ती टिकते, आणि त्याला हजारो वर्षं लागतात.

हा वायू दर सेकंदाला ५,००० किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने बाहेरच्या विरळ वायूत घुसतो. तिथला ध्वनिवेग याच्या पासंगालाही पुरत नाही, त्यामुळे पुढच्या कडेला धक्कालहर तयार होते. तिच्यातून जाताना वायू चौपट दाबला जातो आणि तापतो. ५,००० किलोमीटरच्या वेगाला सूत्रात घातलं तर तापमान सुमारे ३४ कोटी अंश निघतं. प्रत्यक्षात ही उष्णता आधी जड आयनांच्या वाट्याला येते. इलेक्ट्रॉन मागे राहतात, कारण वायू इतका विरळ असतो की कणांच्या आपसात टकरा होऊन उष्णता वाटली जायला फार वेळ लागतो. कॅस ए मधले इलेक्ट्रॉन साधारण काही कोटी अंशांवर आहेत. बाहेरचा वायू गोळा होत जातो तसा आतल्या मालालाही अडथळा होतो आणि दुसरी, उलटी धक्कालहर आतल्या बाजूला सरकू लागते. ताऱ्याच्या पोटातलं सिलिकॉन, गंधक, कॅल्शियम, लोह हिच्यामुळे तापतं. कॅस ए च्या क्ष-किरण चित्रातलं झगझगीत कडं मुख्यतः याच मालाचं आहे.

म्हणून ‘उष्णता टिकते कशी’ याचं उत्तर दुहेरी आहे. एक तर ती गतीतून सतत नव्याने तयार होते. दुसरं म्हणजे एका घनसेंटिमीटरात मोजके कण असलेला वायू निवतच नाही. किरण सोडायला कण एकमेकांच्या जवळ यावे लागतात, आणि इथे ते क्वचितच येतात. कोट्यवधी अंशांचा असा वायू हजारो वर्षं क्ष-किरण देत राहतो.

इथपर्यंत पाठ्यपुस्तक पुरतं. पण एक साधी तपासणी करा. दृश्य प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा २-३ इलेक्ट्रॉन व्होल्ट, क्ष-किरणाची हजारांत. कॅस ए मधून येणारे काही गॅमा किरण टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टचे, म्हणजे एक लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टचे असतात. निव्वळ उष्णतेने असा फोटॉन काढायचा तर तापमान १ वर १६ शून्यं इतक्या अंशांचं हवं. असं काही तिथे नाही. तेव्हा दुसरी यंत्रणा असलीच पाहिजे, आणि तिचा माग गॅमा किरणांच्याही आधी क्ष-किरणांतच लागतो.

हे तुम्ही घरच्या संगणकावर पाहू शकता. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव दिलेली चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण जुलै १९९९ मध्ये अवकाशात गेली आणि तिचं पहिलं जाहीर झालेलं चित्र कॅस ए चंच होतं. तिच्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या आहेत. चंद्राचा फायदा असा की ती प्रत्येक फोटॉन कुठून आला हेही सांगते आणि त्याची ऊर्जाही. डीएस९ या मोफत प्रणालीत फाईल उघडा. तेजस्वी कड्यावर एक छोटी चौकट ओढा आणि तिच्यातल्या फोटॉनांचा वर्णपट, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन आले याचा आलेख, काढा. १.८६ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टला सिलिकॉनचा उंच सुळका दिसेल, २.४ च्या आसपास गंधकाचा, आणि नीट जागा निवडली असेल तर ६.७ च्या जवळ लोहाचा. ही तापलेल्या वायूची सही. आता तीच चौकट अवशेषाच्या अगदी बाहेरच्या कडेवर न्या. तिथे केसासारख्या बारीक, फिकट रेषा आहेत. वर्णपट पुन्हा काढा. सुळके गायब! डावीकडून उजवीकडे गुळगुळीत उतरणारी एकच रेघ. (चौकट जाड ओढली तर शेजारचं सिलिकॉन आत शिरतं आणि गोंधळ होतो. कडेला समांतर, लांबट आणि अरुंद चौकट घ्यावी.) कोणतंही मूलद्रव्य स्वतःची ओळख देत नाही, याचा अर्थ हे किरण अणूंमधून आलेलेच नाहीत.

ते येतात इलेक्ट्रॉनांमधून. प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोचलेला इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राभोवती गिरक्या घेतो तेव्हा किरण सोडतो. याला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. क्रॅब तेजोमेघाचा निळसर उजेड असा तयार होत असावा, हे श्क्लोव्स्की यांनी १९५३ मध्ये सुचवलं आणि लवकरच त्या उजेडाच्या ध्रुवणाने त्याला दुजोरा दिला. कवचासारख्या अवशेषांच्या रेडिओ लहरी याच जातीच्या आहेत हेही जुनं ज्ञान. पण रेडिओला गिगा, म्हणजे शंभर कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचे इलेक्ट्रॉन पुरतात. क्ष-किरणांसाठी त्याच्या दहा हजारपट आणि वर, म्हणजे १० ते १०० टेराचे इलेक्ट्रॉन लागतात. १९९५ मध्ये कोयामा आणि सहकाऱ्यांनी जपानच्या आस्का उपग्रहाने इसवी सन १००६ च्या सुपरनोव्हाचा अवशेष पाहिला. त्याच्या दोन तेजस्वी कडांमधून असेच बिनसुळक्यांचे क्ष-किरण येत होते. कवचाच्या कडेवर इतक्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन असल्याचा तो पहिला भक्कम पुरावा. माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा शोध हाच. गॅमा किरणांची चित्रं जास्त गाजली, पण चौकशी खऱ्या अर्थाने इथून सुरू झाली.

आता त्या बारीक रेषांची जाडी पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. कॅस ए मध्ये ती दीड-दोन कलासेकंद भरते. ११,००० प्रकाशवर्षांवर दीड कलासेकंद म्हणजे साधारण ०.०८ प्रकाशवर्ष. धक्कालहरीतून गेलेला वायू तिच्यापासून तिच्या वेगाच्या चौथ्या हिश्श्याने, म्हणजे सेकंदाला १,३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने मागे पडत जातो. भागाकार केला की वेळ येतो १८-१९ वर्षं. म्हणजे धक्क्याजवळ वेग मिळालेला इलेक्ट्रॉन वायूबरोबर मागे वाहत जाताना वीसेक वर्षांत आपली ऊर्जा उधळून बसतो आणि क्ष-किरणांत दिसेनासा होतो. म्हणूनच ही रेषा बारीक आहे. (कवच गोल असल्याने आपल्याला ते तिरकं दिसतं, त्याची दुरुस्ती धरली तरी निष्कर्ष बदलत नाही.) स्फोट साडेतीनशे वर्षांपूर्वीचा, आणि या इलेक्ट्रॉनांचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचं! आज दुर्बिणीत दिसणारा इलेक्ट्रॉन स्फोटाच्या वेळचा असूच शकत नाही. काही ठिकाणचे ठिपके तर मोजक्या वर्षांत उजळताना आणि मंदावताना पकडले गेले आहेत.

याच भागाकारातून चुंबकीय क्षेत्रही मोजता येतं. इलेक्ट्रॉन किती लवकर रिकामा होतो हे क्षेत्राच्या तीव्रतेवर ठरतं. कॅस ए च्या कडेसाठी उत्तर येतं शंभर मायक्रोगॉस किंवा थोडं वर. ताऱ्यांमधल्या पोकळीतलं नेहमीचं क्षेत्र असतं ५ मायक्रोगॉसच्या आसपास, पृथ्वीच्या क्षेत्राचा साधारण लाखावा भाग. धक्क्यात वायू चौपट दाबला गेला म्हणून क्षेत्र फार तर चौपट होईल, म्हणजे वीस. मग उरलेलं आलं कुठून? टोनी बेल यांनी २००४ मध्ये दाखवलं की धक्क्याच्या पुढे निसटणारे प्रोटॉन हे स्वतःच एक विद्युतप्रवाह असतात आणि तो प्रवाह चुंबकीय रेषांना पीळ घालून क्षेत्र वाढवतो. कण पळताना स्वतःची कोंडी स्वतःच घट्ट करतात, आणि त्या कोंडीमुळेच त्यांना पुढचा वेग मिळतो.

वेग मिळतो कसा, हे आता सांगतो. कल्पनेचं मूळ एन्रिको फर्मी यांच्या १९४९ च्या लेखात आहे. धक्कालहरींसाठी तिचं आजचं रूप १९७७-७८ मध्ये चार ठिकाणी स्वतंत्रपणे मांडलं गेलं, त्यांपैकी एक हेच बेल. धक्क्याच्या दोन्ही बाजूंना चुंबकीय क्षेत्र विस्कटलेलं असतं आणि भारित कण त्याच्यावर आपटून दिशा बदलत राहतो. पुढच्या शांत वायूत उभं राहून पाहिलं तर मागचा वायू आपल्या अंगावर येताना दिसतो. मागच्या वायूत बसून पाहिलं तर पुढचा अंगावर येताना दिसतो. म्हणजे कण या बाजूने त्या बाजूला गेला काय किंवा परत आला काय, त्याला दरवेळी समोरून येणाराच भेटतो आणि थोडी ऊर्जा देऊन जातो. तोट्याची फेरी नाही.

एका पूर्ण फेरीत किती मिळतं? धक्क्याचा वेग भागिले प्रकाशाचा वेग, एवढा हिस्सा. कॅस ए साठी सुमारे १.७ टक्के. पण दर फेरीला काही कण मागच्या वायूबरोबर वाहून जातात आणि परत येत नाहीत. त्यांचं प्रमाणही हिशेबाने तेवढंच, १.७ टक्के. एखादी पतपेढी दर फेरीला १.७ टक्के चक्रवाढ व्याज देते आणि दर फेरीला १.७ टक्के खातेदार खातं बंद करून निघून जातात, असं समजा. रक्कम दहापट व्हायला सुमारे १४० फेऱ्या लागतील, आणि तोवर खातेदारांचा दहावा हिस्सा उरलेला असेल. शंभरपट रक्कम झालेले शंभरात एक, हजारपट झालेले हजारात एक. आता धक्का निम्म्या वेगाचा घ्या. व्याजही निम्मं, गळतीही निम्मी. फेऱ्या दुप्पट लागतील, पण वाटणी तीच राहील. निरनिराळ्या वयाच्या, वेगाच्या आणि आकाराच्या अवशेषांचे वर्णपट एकमेकांसारखे का उतरतात, याचं उत्तर या साध्या बेरीज-वजाबाकीत आहे. पहिल्यांदा हे गणित हाताने सोडवलं की माणूस खुश होतो.

प्रत्यक्ष कॅस ए मात्र थोडा हट्टी आहे. हिशेबाप्रमाणे एखाद्या ऊर्जेच्या कणांची संख्या त्या ऊर्जेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटायला हवी, म्हणजे घातांक २. रेडिओ लहरींवरून तो २.५ च्या आसपास निघतो. कारणांवर मतभेद आहेत. शिवाय खातं उघडायलाच किमान रक्कम लागते, ही अडचण वेगळीच: धक्क्याची जाडी ओलांडण्याइतका वेग आधीपासून असलेलाच कण या खेळात शिरू शकतो. प्रोटॉनांना ते जमतं, हलक्या इलेक्ट्रॉनांना फार अवघड जातं, आणि त्यांना पहिला धक्का कोण देतं यावर अजून संगणकीय प्रतिरूपं चालवली जात आहेत.

आता गॅमा किरण. यांचा माग काढताना दोन संशयित समोर येतात, आणि गेल्या पंचवीस वर्षांतला बराचसा वाद त्यांच्यापैकी कोण यावरच झाला आहे.

पहिला संशयित तोच इलेक्ट्रॉन. विश्व सूक्ष्मलहरींच्या प्रारणाने भरलेलं आहे, महास्फोटानंतर उरलेलं, २.७ अंश केल्व्हिनचं. २० टेराचा इलेक्ट्रॉन त्यातल्या एखाद्या दुबळ्या फोटॉनवर आदळला तर त्याला उचलून सुमारे १ टेरापर्यंत नेऊन ठेवतो. याला व्यस्त कॉम्प्टन प्रक्रिया म्हणतात. हाच २० टेराचा इलेक्ट्रॉन शंभर मायक्रोगॉसच्या क्षेत्रात क्ष-किरणही देतो. म्हणजे क्ष-किरणांसाठी मान्य केलेल्या इलेक्ट्रॉनांकडून गॅमा किरण आपोआपच मिळतात, वेगळं काही गृहीत धरावं लागत नाही.

दुसरा संशयित प्रोटॉन. तो वायूतल्या एखाद्या अणुकेंद्रावर आदळला की पायॉन नावाचे कण तयार होतात. त्यांतला उदासीन पायॉन निमिषार्धात फुटून दोन गॅमा फोटॉन होतो. प्रोटॉनच्या ऊर्जेचा साधारण दहावा हिस्सा एका फोटॉनला मिळतो. पृथ्वीवर येणाऱ्या विश्वकिरणांत सुमारे ९० टक्के प्रोटॉनच असतात आणि इलेक्ट्रॉन जेमतेम एक टक्का. तेव्हा ‘विश्वकिरण इथेच तयार होतात’ असं म्हणायचं तर प्रोटॉन दाखवावे लागतात. इलेक्ट्रॉन कितीही सापडले तरी ते काम भागत नाही.

या वादाचं प्रसिद्ध मैदान म्हणजे वृश्चिक राशीतला आरएक्स जे१७१३ हा अवशेष. नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी २००४ मध्ये त्याचं टेरा ऊर्जेतलं चित्र दिलं. कवचाचा आकार स्पष्ट ओळखू यावा असं या ऊर्जेतलं ते पहिलंच. प्रोटॉनवाल्यांनी जल्लोष केला. पण २०११ मध्ये फर्मी उपग्रहाने गिगा ऊर्जेतला भाग मोजला तेव्हा उतार इलेक्ट्रॉनांना शोभणारा निघाला. त्यात आणखी एक अडचण होती: प्रोटॉनांना आदळायला पुरेसा वायू असेल, तर तो तापून सुळक्यांचे क्ष-किरण का देत नाही? प्रोटॉनवाल्यांचं उत्तर असं की वायू दाट गोळ्यांत आहे, धक्का गोळ्यांना न तापवता वळसा घालतो, आणि प्रोटॉन मात्र आत शिरतात. हे अशक्य नाही. मला स्वतःला या अवशेषात दोन्हींची सरमिसळ वाटते. एकाच कारणावर सगळं बसवण्याचा अट्टहास आम्ही लोकांनी जरा जास्तच केला.

निर्णायक पुरावा आला तो दोन म्हाताऱ्या अवशेषांकडून. मिथुन राशीतला आयसी ४४३ आणि गरुड तारकासमूहातला डब्ल्यू४४. दोन्ही दाट रेण्वीय मेघांना, म्हणजे वायूच्या ढगांना, धडकलेले, म्हणजे प्रोटॉनांना आदळायला भरपूर माल. पायॉनचं वस्तुमान १३५ मेगा (मेगा म्हणजे दहा लाख) इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि स्थिर पायॉन फुटला तर प्रत्येक फोटॉनला ६७.५ मिळतात. पायॉन पळत असले तरी या आकड्याची छाप वर्णपटावर राहते: सुमारे २०० मेगाच्या खाली गॅमा किरण झपाट्याने घसरतात. इलेक्ट्रॉनांना अशी कोणतीही ठरलेली पायरी नाही. डब्ल्यू४४ बद्दल इटलीच्या अजिले उपग्रहाने २०११ मध्ये इशारा दिला होता, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये फर्मीच्या चमूने चार वर्षांच्या नोंदींवरून दोन्ही अवशेषांत ही घसरण दाखवली. बाडे आणि झ्विकी या खगोलशास्त्रज्ञांनी विश्वकिरणांचं नातं सुपरनोव्हाशी जोडलं होतं १९३४ मध्ये. प्रोटॉन प्रत्यक्ष सापडायला ७९ वर्षं गेली.

तरीही ‘सिद्ध झालं’ म्हणताना मी हात आखडता घेतो. विश्वकिरणांच्या वर्णपटाला ३ पेटा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास एक वाक आहे, ज्याला सगळे ‘गुडघा’ म्हणतात. पेटा म्हणजे टेराच्या हजारपट. त्या ऊर्जेपर्यंतचे प्रोटॉन आपल्याच आकाशगंगेत तयार होत असावेत असं मानलं जातं. ऊर्जेचा एकूण ताळेबंद सुपरनोव्हांच्या बाजूने आहे: शतकात दोन-तीन स्फोट धरले आणि प्रत्येकाच्या गतिज ऊर्जेतला दहावा हिस्सा कणांना मिळाला, तर आकाशगंगेतले विश्वकिरण भरून निघतात. पण कमाल ऊर्जेचा ताळेबंद जमत नाही. कॅस ए तरुण आहे, वेगवान आहे, चुंबकीय क्षेत्रही तगडं आहे. गुडघा गाठावा तर यानेच. कानरी बेटांवरच्या मॅजिक दुर्बिणींनी २०१७ मध्ये दाखवलं की त्याचे गॅमा किरण ३.५ टेराच्या आसपासच आटू लागतात. ते प्रोटॉनांचे मानले, तरी प्रोटॉन काही दहा टेरांवर थांबलेले. गुडघा याच्या कितीतरी पुढे आहे.

चीनमधल्या लासो वेधशाळेने २०२१ मध्ये पेटाच्या आसपासचे गॅमा किरण देणारे १२ स्रोत जाहीर केले, त्यांतला सर्वांत जास्त ऊर्जेचा फोटॉन १.४ पेटाचा. पण त्यात कॅस ए नव्हता. क्रॅब होता, आणि इथे एक गैरसमज दूर करायला हवा. क्रॅबला पुस्तकं सुपरनोव्हा अवशेषाचा नमुना म्हणून दाखवतात, पण त्याची यंत्रणा वर सांगितलेली नाहीच. १०५४ मध्ये दिसलेल्या त्या स्फोटातून उरलेला न्यूट्रॉन तारा सेकंदाला सुमारे ३० गिरक्या घेतो आणि दर दिवशी त्याचा गिरकीचा काळ ३८ नॅनोसेकंदांनी लांबतो. एवढ्याशा मंदावण्यातून सव्वा लाख सूर्यांइतकी शक्ती सुटते आणि ती इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांच्या वाऱ्यात जाते. क्रॅब चालतो तो या गिरकीवर. त्यामुळे तिथले पेटा फोटॉन इलेक्ट्रॉनांचे मानले जातात, प्रोटॉनांचा पुरावा म्हणून ते चालत नाहीत. भारताच्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या सीझेडटीआय या उपकरणाने याच क्रॅबच्या कठीण क्ष-किरणांचं ध्रुवण गिरकीच्या टप्प्यांनुसार मोजलं आहे. त्या उपकरणाच्या कामात मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयुका या दोन्ही संस्था आहेत.

किरणोत्सर्गाबद्दल कोणी विचारेल म्हणून तेही. कॅस ए मधून ६८ आणि ७८ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दोन रेषा येतात, त्या स्फोटात बनलेल्या टायटेनियम-४४ च्या. त्याचं अर्धायुष्य सुमारे ६० वर्षं. आजवर जेमतेम २ टक्के शिल्लक असेल, तरी नूस्टार उपग्रहाने २०१४ मध्ये त्याचा नकाशा काढला. तो गोल निघाला नाही, वेडावाकडा निघाला, आणि त्यावरून गाभा कसा फुटला असेल यावर बरंच काही कळलं. सगळ्या प्रकारांत स्फोटाच्या दिवसाची खरी शिल्लक म्हणावी अशी ही एकच.

मग गुडघ्यापर्यंत कण नेतं कोण? माझा कल असा: अवशेष नेतात, पण स्फोटानंतरच्या पहिल्या काही वर्षांत किंवा दशकांत, जेव्हा धक्का ताऱ्याने आधी सोडलेल्या दाट वाऱ्यातून जात असतो. शेकडो वर्षांनी आपण पाहतो तोवर ते कण केव्हाच निसटलेले असतात. तरुण, जड ताऱ्यांचे समूह हा दुसरा उमेदवार, आणि हंस तारकासमूहातला तसा एक प्रदेश लासोच्या यादीत आहेच. ठरवायचं कसं? एक तर जवळपास एखादा सुपरनोव्हा फुटावा, जे आपल्या हातात नाही. दुसरं, निसटलेले प्रोटॉन वाटेतल्या रेण्वीय मेघांवर आदळून अवशेषाच्या बाहेर गॅमा किरण देतात का, ते शोधावं. त्यासाठी आणखी संवेदनशील दुर्बिणी हव्यात. ला पाल्मा बेटावर आणि चिलीत चेरेन्कोव्ह दुर्बिणींची मोठी मालिका उभी राहते आहे. लडाखमध्ये हान्ले इथे सुमारे ४,३०० मीटर उंचीवर बीएआरसीच्या पुढाकाराने उभारलेली मेस ही २१ मीटर व्यासाची दुर्बीण आहे, तिचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं. गॅमा फोटॉन वातावरणात शिरला की त्याच्यापासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांचा वर्षाव सुटतो आणि त्याची काही अब्जांश सेकंदांची निळी चमक या दुर्बिणी टिपतात. त्या वर्षावाचा सिद्धांत होमी भाभा आणि हाइटलर यांनी १९३७ मध्ये मांडला होता.